फेसला गेले आणि तोंडाला फेस आला

गोदाकाठची | शनिवार, सकाळी ७:३४

शीर्षकावर हसून घ्या आधी. नाश्त्याला अजून अवकाश आहे, दोन्ही टाचांना फोड आलेत, त्यामुळे बाहेर पडायची घाई नाही. म्हणून कालचा दिवस लिहून काढतेय.

फेस म्हणजे मोरोक्कोतलं. कासाब्लांकाहून आगगाडीने चारेक तासांवर. गोंडेवाल्या लाल टोपीला ज्याचं नाव मिळालं, तेच. मी गुरुवारी रात्री ल्योंहून विमानाने उतरले, नवरा रविवारी येणार, तोवर मी एकटी. नाशिकच्या जुन्या गावात वाढलेय. तिवंध्यापासून दहीपुलापर्यंत डोळे मिटून चालेन, मला कोण गल्ल्यांचं कौतुक सांगणार, असा माझा तोरा होता. काल दुपारी दोनपर्यंत टिकला.

उतरलेय जुन्या शहरात, फेस अल-बालीत. आत मोटार शिरत नाही. माल माणसाच्या डोक्यावर, हातगाडीवर नाहीतर खेचरावर. गल्ल्या नऊ हजार आहेत असं इथे जो तो सांगतो. ज्याने मोजल्या त्याला माझा दंडवत. मुक्कामाचं घर म्हणजे सरळसरळ वाडा: बाहेरून बोडकी भिंत आणि एक दार, आत मधोमध चौक, चौकात बोटभर धारेचं कारंजं, चारी बाजूंना खोल्या, वर सज्जा. तुळशीच्या जागी लिंबाचं झाड. मालकीणबाई साठीच्या असतील, फ्रेंच बोलतात आणि मला ‘आ ख्ती’ म्हणतात, म्हणजे ‘अगं बहिणी’. सकाळी घडीच्या पोळीसारखी चौकोनी, थरांची मसेमन, मध, काळे ऑलिव्ह आणि पुदिन्याचा चहा असं पुढ्यात ठेवून म्हणाल्या, “आज शुक्रवार. दोनला घरी ये, कुसकुस आहे.” मी कुसकुसला (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे, वर भाज्या आणि रस्सा) मान डोलावली. त्या वाक्यातला कामाचा शब्द ‘शुक्रवार’ होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फोनवरच्या नकाशाचा उपयोग नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. गल्ली दोन हातांची, वर कुठे छप्पर, कुठे दोन घरांमधली खोली, आकाश दिसेल तर शपथ. मी चालतेय गल्लीत आणि नकाशातला निळा ठिपका कुणाच्या तरी गच्चीवर. मग आपली जुनी पद्धत काढली, खुणा लक्षात ठेवायच्या. घराच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीतला हिरव्या फरशांचा हौद. पुढे खाटकाचं दुकान, बाहेर आकड्याला उंटाचं मुंडकं टांगलेलं, तोंडात कोथिंबिरीसारखी जुडी. (उंटाचं मांस मिळतं, याची ही पाटी.) मग पिवळ्याधमक सपातांचं दुकान, मग पितळी दिव्यांचं, मग खजूर-बदामवाला म्हातारा. पाच खुणा कार्डाच्या मागे लिहून घेतल्या आणि निघाले.

मुख्य वाटेचं नाव तलाआ कबीरा. बाब बू जलूद या वेशीपासून निघते आणि उतरत उतरत शहराच्या पोटात जाते. वेस बाहेरून निळी, आतून हिरवी. मला ती फार पुरातन वाटली होती, निघाली फ्रेंचांच्या काळातली, १९१३ची. उतरताना मागून “बालाक! बालाक!” असा ओरडा येतो. बाजूला व्हा. मी पहिल्यांदा वळून बघत बसले, तर गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर माझ्या खांद्याला घासून गेलं. दुसऱ्या वेळी भिंतीला पालीसारखी चिकटले.

बू इनानिया मदरशात मात्र अर्धा तास बसले. चौदाव्या शतकाच्या मध्यात मरीनी घराण्यातल्या सुलतान अबू इनानने बांधलेला. चौकाच्या भिंतीला तीन थर आहेत. खाली माणसाच्या उंचीपर्यंत झलीज, म्हणजे रंगीत फरशांचे तुकडे जुळवून केलेली नक्षी. त्याच्यावर चुनेगच्चीतलं कोरीवकाम. सगळ्यात वर देवदार, शेकडो वर्षांच्या ऊनपावसाने काळपट झालेला. झलीजच्या अगदी जवळ नाक नेऊन पाहिलं. दुरून एकसंध दिसणारी चांदणी जवळून मोजली तर करंगळीच्या नखाएवढे तुकडे, आणि एकही दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही. कुठे कोपरा जरा बोथट, कुठे निळा जरा फिका. हातोडीने एकेक तुकडा टवके काढत कापलाय हे दिसतं. माझं बोट तिथून हलेना. पहारेकरी खाकरला, तेव्हा मागे घेतलं.

पुढे अत्तारांच्या बाजारातून करवीयीन मशिदीच्या दाराशी गेले. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, पण दारं उघडी होती. पांढऱ्या-हिरव्या फरशीचं अंगण, पाण्याचं टाकं, एक माणूस पाय धूत होता. एका दारातून एवढं, दुसऱ्या दारातून तेवढं, असं बाहेरूनच फिरत फिरत जोडून पाहिलं.

तिथून चमडं कमावायची कुंडं. एका दुकानाच्या गच्चीवरून बघायची असतात, जिन्यावरच हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. खाली मधाच्या पोळ्यासारखी कुंडंच कुंडं, पांढरी, तपकिरी, गेरूच्या रंगाची. आणि माणूस एकही नाही! मला वाटलं जेवायला गेले असतील. दुकानदाराने एक पिशवी ९०० दिरहमपासून ३५०पर्यंत खाली आणली. मी घेतली नाही म्हणून स्वतःवर खूश झाले आणि त्या खुशीत १२० दिरहमच्या सपाता घेऊन बसले. (एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपये.)

बाहेर आले तर बांग सुरू झालेली. गल्लीत माणसंच माणसं, पांढरे पायघोळ झगे, काखेत नमाजाची गुंडाळी. सगळे एका दिशेला, मी उलट्या. आणि दोन्ही बाजूंना धाड धाड लाकडी दारं लागतायत. पाऊण तासात बाजार गायब. पिवळ्या सपाता गेल्या, दिवे गेले, खजूरवाला गेला, उंटही आत गेला. राहिली नुसती तपकिरी दारं, एकासारखी एक, आणि त्यांच्यामधून फिरणारी मांजरं. माझ्या कार्डावरच्या पाचातल्या चार खुणा कुलपात होत्या. पाचवा हौद. तर हौद इथे दर वस्तीला असतो, आणि हिरवाच असतो.

त्यानंतरचा दीड तास तपशिलात सांगत नाही. तीनदा गल्ली कुणाच्या तरी उंबरठ्याशी संपली. एका दारातून पोरगी आली, हातात फडक्याने झाकलेली परात, शेजारी कुसकुस पोचवायला निघालेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. माझी फ्रेंच तिला कळेना, तिची अरबी मला. ती हसून शेजारच्या घरात गेली. मग मी एका हिरव्या हौदाच्या पायरीवर बसले आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पंचेचाळीस वर्षांची बाई. वास सगळीकडून एकच, शिजलेल्या गाजर-भोपळ्याचा आणि जिऱ्याचा.

हौदातलं सांडलेलं पाणी पायाजवळून वाहत होतं. त्या ओघळाकडे बघता बघता आजी आठवली. लहानपणी म्हणायची, “गल्लीत चुकलीस तर रडत बसू नको. उतार धर, गंगेवर येशील.” नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. या गावालाही नदी आहे, वाचलं होतं. उठले आणि पाण्याच्या मागे निघाले. फाटा आला की पाणी कुठे वळतं ते बघायचं, दुसरं काही नाही.

वीसेक मिनिटांत उघड्यावर आले. नदी नाहीच! मोठा चौक, बस, लाल टॅक्स्या, कबुतरं. र्सीफ नावाची जागा. मी टॅक्सीवाल्याला मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, नदी कुठाय? त्याने बूट डांबरावर दोनदा आपटला. खाली. रस्ता नदीवरच घातलाय.

तो तटाला वळसा घालून वेशीपाशी घेऊन आला, १४ दिरहम. घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मालकीणबाईंनी कुसकुस झाकून ठेवलं होतं. काही बोलल्या नाहीत, फक्त माझे पाय बघून मिठाच्या पाण्याची बादली आणून ठेवली.

---

कैरीचं पन्हं | शनिवार, सकाळी ८:०५

मस्त लिहिलंयस गं. शीर्षकाला शंभर पैकी शंभर. फोटो टाक ना. उंटाचा नको.

---

रिकामटेकडा | शनिवार, सकाळी ८:४०

बाई, ‘तलाआ’चा अर्थच चढ. मोठा चढ आणि धाकटा चढ, तलाआ कबीरा आणि तलाआ स्घीरा, दोन्ही वर वेशीपाशी निघतात. खाली र्सीफ, वर बू जलूद, एवढं पाठ असलं की निम्मं फेस येतं. चढ धरला असतात तर थेट घरी! पण आजीचं ऐकलंत, त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

---

तांबटआळीकर | शनिवार, सकाळी ९:१०

दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. कुंडांत माणूस नव्हता कारण शुक्रवार. आज जा. मांडीपर्यंत रंगात उभे राहून कातडी तुडवणारी माणसं दिसतील. आधीची पांढरी कुंडं चुन्याची आणि कबुतराच्या विष्ठेची, तिच्यातल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. तो जो वास आहे तो मुख्यतः तिथला. रंग खसखशीच्या फुलांचा, निळीचा, मेंदीचा, केशराचा असं गाइड मोजून सांगतात. सगळाच माल तसा असेल असं मानून पैसे मोजू नका.

आमच्याकडे कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावतात. मी ते वडिलांबरोबर लहानपणी पाहिलंय, त्यामुळे फेसच्या गच्चीवर बाकीचे नाक धरून उभे होते आणि मला चक्क घरची आठवण येत होती. बायकोने अजून माफ केलेलं नाही.

आणि सफ्फारीन चौक चुकवू नका. करवीयीनच्या ग्रंथालयाला लागूनच आहे. तांब्या-पितळेचे कारागीर उघड्यावर बसून मोठाल्या काहिली ठोकतात. आमच्या आळीत मठारकाम चालतं त्याचा आवाज आणि तिथला आवाज, डोळे मिटले तर फरक सांगता यायचा नाही. एक म्हातारा कारागीर माझ्या हातात हातोडी देऊन हसत होता. मी दोन ठोके दिले. दुसऱ्या ठोक्याला त्याने हातोडी काढून घेतली.

---

घासफूस | शनिवार, सकाळी ९:५५

शाकाहारी माणसाने जगायचं कसं तिथे? कुसकुसमध्ये भाज्या असतात म्हणे, पण खात्री नाही.

---

गोदाकाठची | शनिवार, सकाळी १०:२०

@घासफूस, खात्री नको धरूस. वर सात भाज्या दिसतात, खालचा रस्सा बहुधा मांसाचा असतो. हरीरा सूपचंही तेच. ‘बला ल्हम’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ कर. झालूक माग, वांगी-टोमॅटोचं लसूण-जिरं घातलेलं भरीत, खोब्झ म्हणजे त्यांच्या जाड भाकरीबरोबर. सकाळी बिसारा मिळतं, सुक्या बाकल्याची दाट आमटी, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. मी आज तेच खाल्लं. आपल्या पिठल्याचा लांबचा चुलतभाऊ.

@रिकामटेकडा, ‘तलाआ’ हा शब्द तुम्ही काल सकाळी सांगायला हवा होता.

निघते आता, कुंडांकडे.

---

परखड | शनिवार, दुपारी १२:३०

सगळ्यांनी गोड गोड लिहिलंय म्हणून लिहितो. आम्हाला फेस आवडलं नाही. आई-वडिलांना घेऊन गेलो होतो. दर दहा पावलांवर “ही वाट बंद आहे, मी दाखवतो” म्हणणारा पोरगा. वाट बंद नसतेच. मागे लागून लागून शेवटी पैसे मागतात, पन्नास दिले तर शंभर म्हणतात. आईला दोनदा रडू आलं. वासाचं, घाणीचं लोक कौतुक करतात, ते चार दिवसांपुरतं राहायला येणाऱ्यांचं कौतुक. ज्येष्ठांना नेऊ नका, हा माझा प्रामाणिक सल्ला.

---

भटकी मांजर | शनिवार, दुपारी १:१५

@परखड, ज्येष्ठांबद्दल सहमत. चढउतार, पायऱ्या, बसायला जागा नाही, गुडघे दुखणाऱ्याचं काम नव्हे. ‘वाट बंद आहे’ हा तर घिसापिटा डाव. मी एकटी फिरते, माझा नियम साधा: न थांबता, न चिडता “ला, शुक्रन” (नको, धन्यवाद) आणि चालत राहायचं. थांबून वाद घातला की संपलं. वाट विचारायचीच तर दुकानात बसलेल्या माणसाला किंवा बाईला विचारावी, उभं राहून वाट बघणाऱ्याला नाही. पहिल्या दिवशी परवानाधारक गाइड घेतला तर ही पोरं जवळ येत नाहीत. त्यात कमीपणा नाही.

लाल टॅक्सीला मीटर असतो, तो टाकायला लावा. तीनच माणसं बसतात. रात्री दर दीडपट, ती लबाडी नसते, नियम आहे.

पण घाण? मला तर गल्ल्या आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेठेपेक्षा झाडलेल्या दिसल्या. खेचरांची लीद सोडून. आणि खेचरांचीच चौकशी करायची तर गावात अमेरिकन फोंदूक नावाचा जनावरांचा दवाखाना आहे, १९२७ पासून. कामाच्या खेचर-गाढवांना फुकट उपचार. मी गेले होते तेव्हा एक माणूस आपल्या गाढवाचं डोकं छातीशी धरून उभा होता आणि डॉक्टर त्याच्या खुराला औषध लावत होते. गाढव शांत, माणूसच थरथरत होता.

---

जुनाट | शनिवार, दुपारी २:०२

धाग्यात इतिहासाची भर. गाव आठव्या शतकाच्या शेवटी इद्रिस पहिला आणि नवव्याच्या सुरुवातीला इद्रिस दुसरा यांनी नदीच्या दोन काठांवर वसवलं. एका काठावर स्पेनमधल्या कॉर्डोब्याहून परागंदा झालेले अंदलूसी आले, दुसऱ्या काठावर ट्युनिशियातल्या कैरवानचे. बराच काळ ही दोन वेगळी, तटबंद गावं होती. अकराव्या शतकात अल्मोराविद राजघराण्याने मधले तट पाडून एक केलं. म्हणजे तुमच्या टॅक्सीवाल्याने जिच्यावर बूट आपटला ती एके काळची सरहद्द.

करवीयीन म्हणजे कैरवानवाल्यांची मशीद. परंपरा असं सांगते की फातिमा अल-फिहरी या कैरवानहून आलेल्या व्यापाऱ्याच्या मुलीने वारशाच्या पैशातून ८५९ साली ती उभारली.

---

टोपणनाव | शनिवार, दुपारी २:२०

म्हणजे जगातलं सर्वात जुनं विद्यापीठ ते हेच ना? आणि मग आपलं नालंदा?

---

जुनाट | शनिवार, दुपारी २:५१

आलाच हा प्रश्न. नालंदा जुनं, पाचव्या शतकातलं, पण ते बंद पडलं. करवीयीनचा दावा अखंड चालू असण्याचा आहे. त्यातही मेख अशी की मशिदीत चालणारं अध्यापन ‘विद्यापीठ’ कधीपासून म्हणायचं? आधुनिक सरकारी विद्यापीठ म्हणून ते १९६३ पासून गणलं जातं. ज्याला जे सिद्ध करायचं असेल त्याने ती व्याख्या घ्यावी. यावर वेगळा धागा काढा, हा बाईंचा आहे.

---

शब्दवेडा | शनिवार, दुपारी ३:४०

अवांतर, पण राहवत नाही.

‘बाब बू जलूद’मधला बाब म्हणजे दार, आणि पुस्तकाचं प्रकरणही. आपण “ही गंभीर बाब आहे” म्हणतो तो हाच अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आलेला. अत्तारीन बाजार आणि आपला अत्तार, तेही तेच. फेसच्या उत्तरेला टेकडीवर ‘बुर्ज नॉर’ आहे, तो बुर्ज म्हणजे आपला बुरूज.

पण सगळ्यात भारी ‘तलाआ’. चढणे, उगवणे हा धातू. उगवतीची रास ती तालिअ, त्यावरून नशीब म्हणजे ताला, आणि ज्याचं नशीब वर चढलेलं तो तालेवार. गोदाकाठची काल तालेवार रस्ता सोडून उतारावर गेल्या, हे भाषेच्या दृष्टीने फार वाईट झालं. हलके घ्या.

---

कैरीचं पन्हं | शनिवार, दुपारी ३:५२

😂 शब्दवेडा, तुम्ही कुठल्याही धाग्याचं व्याकरणाचं पुस्तक करता.

---

नंदुरबारी | शनिवार, संध्याकाळी ५:३०

मी इथे फक्त वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बू इनानिया बांधणारा सुलतान अबू इनान. याच सुलतानाच्या हुकमावरून मोरोक्कोचा जगप्रवासी इब्न बतूता याने फेसमध्ये आपला सगळा प्रवास तोंडी सांगितला आणि इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतला. १३५५ साली ते काम पुरं झालं. म्हणजे मदरशाचं बांधकाम आणि हे सांगणं-लिहिणं साधारण एकाच वेळी, एकाच गावात चाललेलं.

आता आमचा संबंध. मुहम्मद तुघलकाच्या चाकरीत असताना इब्न बतूता दौलताबादहून गुजरातकडे जाताना आमच्या नंदुरबारवरून गेला. मराठ्यांचं गाव, हुन्नरी लोक, वैद्य आणि ज्योतिषी, खाणं भात, भाज्या आणि तिळाचं तेल, असं वर्णन त्यात आहे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरीपेक्षा मोठे उंदीर होते, अशीही नोंद आहे.

शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढे वाचलं तेव्हा हेच आलं मनात, की तिळाच्या तेलाची फोडणी त्या माणसाला इतक्या वर्षांनी, इतक्या लांब बसून आठवली. तुम्ही त्या मदरशाच्या चौकात बसलात त्या वेळी हे ठाऊक असतं तर मजा आली असती. म्हणून लिहिलं.

---

तांबटआळीकर | शनिवार, संध्याकाळी ५:४४

@नंदुरबारी, आजवर कुठे लपला होता? असं असेल तर रोज लिहा.

---

जुनाट | शनिवार, संध्याकाळी ६:०५

+१. त्यात एक जोड: बू इनानियाच्या समोरच्या भिंतीकडे बघायला विसरू नका. दार अल-मगाना, पाण्यावर चालणारं घड्याळ, १३५७चं. खिडक्यांची रांग आणि खाली देवदाराचे कोरीव दांडे दिसतात. दांड्यांवर पितळी वाडगे असत. यंत्रणा हरवली, ते चालायचं नक्की कसं यावर अजून तर्कच चालतात.

---

टोपणनाव | शनिवार, रात्री ८:१०

मी पुढच्या महिन्यात जातोय आणि तिकिटं बघितली तर नेमका गुरुवारी रात्री पोचतोय. म्हणजे पहिला दिवस शुक्रवार! बदलू का?

---

भटकी मांजर | शनिवार, रात्री ८:३५

नको बदलू. सकाळी लवकर निघ, बाराच्या आत बाजार आणि मदरसे उरक. दुपारी जनान स्बील बागेत जाऊन बस, नाहीतर टेकडीवर मरीनी सुलतानांच्या पडक्या कबरींपाशी जा, तिथून खालचं गाव अख्खं दिसतं. अंधार पडायच्या आत उतर मात्र. आणि कुणी घरी कुसकुसला बोलावलं तर वेळेवर जा, गोदाकाठचीसारखं चार वाजता नाही.

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०:४८

केवढे प्रतिसाद! एकेकाला उत्तर देते.

@परखड, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. मलाही काल एका पोराने ‘बंद आहे’ सांगितलं होतं, आणि त्या वेळी खरंच सगळं बंद होतं! मी त्याला खोटा समजून पुढे गेले. तो खरं बोलत होता की खोटं, अजून ठरवता येत नाहीये.

@तांबटआळीकर, गेले होते. कुंडांत आज पंधरा-वीस माणसं होती. एकजण पिवळ्या कुंडातून वर आला तो गुडघ्याखाली हळदीसारखा. त्याच पायांनी शिडी चढून गच्चीवर कातडी वाळत घालून आला, तशीच पिवळी पावलं मागे उमटत. सफ्फारीनमध्येही तासभर बसले. हातोडी कुणी दिली नाही, तुमची कीर्ती पोचलेली दिसते. त्या १२०च्या सपाता खालच्या बाजारात ६०ला लटकत होत्या, हे इथे कुठे लिहू नका म्हणून मीच लिहिते.

@नंदुरबारी, तुमचा प्रतिसाद वाचून संध्याकाळी परत बू इनानियात गेले. बंद व्हायला वीस मिनिटं होती, पहारेकरी तोच. तिकीट परत घेतलं. चौकात बसून रामनवमीच्या सुट्टीत नंदुरबारच्या मावशीकडे खाल्लेलं जेवण आठवत राहिले. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

@जुनाट, घड्याळ पाहिलं. त्याच्या खाली एक माणूस मोबाइलची कव्हरं विकतो.

@शब्दवेडा, आज दिवसभर तालेवार रस्त्यानेच चढले. फोडांची संख्या चारवर गेली.

---

कैरीचं पन्हं | शनिवार, रात्री ११:०२

अगं ते सगळं राहू दे. उंट सापडला का? आणि रडलीस तो हौद?

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री ११:१९

हेच सांगायचं टाळत होते.

सकाळी कुंडांकडे जायला घरातून निघाले. गल्लीच्या तोंडाशी माझा हिरवा हौद. आज उजेड होता, मन थाऱ्यावर होतं, म्हणून जरा नीट बघितलं. डावीकडच्या कोपऱ्यातली एक फरशी उडालेली, तिथे सिमेंट भरलंय, आणि पायरीवर माझ्या पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण. काल मी दुसऱ्या बाजूने आले होते, पाठमोरी बसले होते, आणि समोर फक्त बंद दारं होती. त्यातलं उजवीकडून तिसरं दार खाटकाचं. घर मागच्या वळणावर. मोजली, तीस पावलं. तिथून उठून मी अख्खं गाव उतरले, नदीवर गेले आणि टॅक्सीने वळसा घालून परत आले.

मालकीणबाईंना सांगितलं तर त्या चौकातल्या खांबाला धरून हसल्या. मग शेजारणीला हाक मारून तिला सांगितलं. मग मी खाटकापाशी गेले, तोवर त्यालाही कळलेलं होतं. मला बघून त्याने छातीवर हात ठेवला आणि उंटाकडे बोट दाखवलं, जणू म्हणत होता, हा इथेच असतो.

तोंडात जुडी होती. मुंडकं मात्र नवीन होतं.